तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शेऱ्याची जखम

मागच्या रविवारी सकाळी सकाळी मामांचा फोन. चोपड्याच्या पुढे त्यांची केळी आहे, तिथला कुत्रा शेऱ्या रात्री कुठेतरी गेला आणि पहाटे लंगडत आला, खांद्यावर गोल भोक. मामा म्हणे, "तू त केमिस्ट्री शिकवतो ना कॉलेजात, मंग ये अन् सांग याले कोणत्या गोळीनं मारलं." मी म्हटलं मामा आधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, तर म्हणे नेतो रे, पण तू पाहून त घे. आमच्याकडे मध्य प्रदेश सीमेवरच्या, गावठी पिस्तुलांसाठी बदनाम उमर्टीचं नाव आणि गावठी कट्टा पकडला ही बातमी पेपरात इतकी नेहमीची झालीय, की मी पोचायच्या आत पारावर निकाल लागला होता. कट्टाच.

मी पोचलो तोवर मामींनी जखम कोमट पाण्याने स्वच्छ धुऊन वर हळद दाबली होती. कुत्र्यासाठी एकदम बरोबर, केमिस्ट्रीसाठी खेळ खल्लास! कारण बघायचं असतं ते भोकाच्या काठावर. गोळी आत शिरताना अंगावरची काजळी, शिसं, तेल सगळं कातडीला पुसत जाते आणि काळपट कडा उमटते. तिचा ठसा फिल्टर पेपरवर घेऊन सोडियम ऱ्होडिझोनेट मारलं की शिसं गुलाबी होतं, वर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड दिलं की निळं-जांभळं. गोळीला तांब्याचं कवच असेल तर रुबिॲनिक ॲसिडने हिरवट-करडा डाग येतो. म्हणजे उघड्या शिशाची गोळी की तांब्याच्या जॅकेटची, एवढा अंदाज येतो. तोही अंदाजच, कारण शिसं प्रायमरमधूनही येतं.

आता हा प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाला असलेली छोटी टिकली, जिच्यावर घोडा आपटतो. तिच्यात साधारणपणे लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं, जुन्या मालात पारा असायचा, आणि काही नव्या शिसेमुक्त काडतुसांत त्याऐवजी टायटॅनियम-जस्त. उडताना त्या क्षणी इतकी उष्णता होते की धातूंची वाफ होते आणि लगेच थंड होऊन बारीक गोल थेंब बनतात, बरेचसे १ ते १० मायक्रॉनचे. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे विचार करा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली असा एक कण धरून त्याच्यातली मूलद्रव्यं वाचतात, एकाच गोल कणात शिसं, बेरियम, अँटिमनी तिन्ही सापडले की मग तज्ज्ञ गंभीर होतात. पण बंदूक कोणती ते यातून कळत नाही. कट्ट्यात काडतूस कारखान्याचंच भरलेलं असेल तर कण तसेच पडणार, बंदूक ओळखायची तर गोळीवरचे ओरखडे जुळवावे लागतात. आमच्याच जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, तरी आमच्या गावात ही गोष्ट कोणाला पटत नाही, त्यांना वाटतं लॅबवाले जखम हुंगून गावाचं नाव सांगतात.

आणि मला खरी गंमत वाटते ती जुन्या पॅराफिन टेस्टची. १९३० च्या दशकात संशयिताच्या हातावर गरम मेण ओतून थापायचे, गार झालं की साल काढायची आणि तिच्यावर सल्फ्युरिक ॲसिडमधलं डायफिनायलअमाइन टाकायचं, निळे ठिपके आले की नायट्रेट, म्हणजे गोळी झाडली. आता आमच्या केळीवाल्याचा हात घ्या. ड्रिपमधून तेरा-शून्य-पंचेचाळीस सोडून आलेला माणूस, ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सरळ शोरा, ज्यात कोळसा आणि गंधक मिसळून ठासणीच्या बंदुकीची दारू होते तोच. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांना त्या टेस्टने आत टाकलं असतं! तंबाखू मळणाऱ्यांचे हातसुद्धा निळे येऊ शकतात, मग तर कोणीच उरत नाही. ती टेस्ट पुढे बाजूला पडली ते बरंच झालं.

बेरियमचंही तसंच, दिवाळीला हिरवा उजेड पाडणाऱ्या फटाक्यांत बेरियम नायट्रेटच असायचं आणि गाड्यांच्या काही ब्रेक पॅडमध्ये बेरियम-अँटिमनी दोन्ही. म्हणून सुटा धातू सापडून काही होत नाही, तिन्ही एकाच कणात पाहिजेत, आणि तेवढ्यानेही भागत नाही. लंडनमध्ये १९९९ ला जिल डँडो या टीव्ही निवेदिकेचा खून झाला, त्यात बॅरी जॉर्जच्या कोटाच्या खिशात असा एक कण मिळाला, फक्त एक, आणि २००१ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००७ ला अपील कोर्टाने ती रद्द केली, कारण तो एक कण गोळी झाडल्यामुळे आलाय की दुसरीकडून चिकटलाय हे ठरवताच येत नव्हतं, २००८ च्या फेरखटल्यात तो सुटला. एका कणापायी माणसाची सात-आठ वर्षं गेली. मी हे मामांना सांगितलं तर म्हणे "बापरे", आणि लगेच, "पण आपल्याकडं कट्टाच ये."

मला मात्र शंका येत होती. भोक लहान, आजूबाजूचे केस जळालेले नाहीत, काजळी नाही. आता धुतल्यावर काजळी कुठून राहणार हे खरंच, पण जळालेला केस धुऊन सरळ होत नाही. अर्थात लांबून मारलं तरी केस जळत नाहीत, म्हणून मी गप्प बसलो.

दुपारी डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि चिमट्याने शिशाचा चपटा झालेला छर्रा बाहेर आला, एअरगनचा, साडेचार मिलिमीटरवाला. हवेच्या दाबावर उडणारा. प्रायमर नाही, बारूद नाही, म्हणजे मामींनी हळद लावली नसती तरी माझ्या हाताला शिशाशिवाय काही लागलं नसतं. शेऱ्या आता बरा आहे, पाय थोडा धरतो.

छर्रा मामांनी काडीपेटीत कापसात ठेवलाय. येईल त्याला उघडून दाखवतात, आणि म्हणतात, "कट्ट्याची गोळी ये, आमच्या प्रोफेसर भाच्यानं तपासली."