चार डिस्कचा घरगुती सर्व्हर: चालू मशीनमधून डिस्क काढायच्या चाचण्या

चार डिस्क धरणारा पिंजरा बसला. पट्ट्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १ मिमी सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्यातून वाकवून घेतल्या. साडेतीन इंची डिस्कला ६-३२ स्क्रूच लागतो: जाडी साधारण ३.५ मिमी, इंचाला ३२ आटे. एम३ (३ मिमी जाडीचा मेट्रिक स्क्रू) सैल पडतो, आणि जाडी जुळते म्हणून एम३.५ दाबून बसवला तर डिस्कचे आटे जातात. एम३ अडीच इंचीसाठी.

बॅकप्लेन (ट्रे आत सरकवला की डिस्क जिच्यावरच्या कनेक्टरात बसते ती पाटी) घेताना पॉवरच्या १५ पिना बघा. ४ आणि १२ या ग्राउंडच्या पिना आधी टेकायला हव्यात, बाकीच्या नंतर. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर-कनेक्टरवरून) काढलेल्या स्वस्त जोडण्यांत हा क्रम मिळेलच असं नाही. त्यांच्यावर चालू मशीनमध्ये डिस्क घालू नये. नव्या सर्व्हर-डिस्कांची आणखी एक गोम आहे: तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्यांतल्या काही फिरतच नाहीत, कारण ती पिन आता वीज तोडण्याच्या सूचनेसाठी वापरतात. डिस्क मेली समजून परत करण्याआधी हे तपासा.

बायोसमध्ये एएचसीआय (साटा डिस्क चालवायची पद्धत) आणि प्रत्येक पोर्टचं हॉट प्लग (चालू मशीनमध्ये डिस्क घालण्या-काढण्याची सोय) चालू केलं. तरीही घातलेली डिस्क दिसली नाही तर दोष बहुधा लिनक्सच्या वीजबचतीत असतो. पोर्टची डिस्कशी असलेली लिंक झोपलेली असली की नवी डिस्क आल्याचं पोर्टला कळत नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys फोल्डरमध्ये) त्या स्कझी होस्टची (लिनक्स पोर्टला हेच नाव देतो) लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी ‘मॅक्स परफॉर्मन्स’ करायची, आणि तो नियम यूडेव्हमध्ये (उपकरण दिसताच नियम लावणाऱ्या लिनक्सच्या सेवेत) लिहायचा, नाहीतर रीबूटला पुन्हा तेच.

सभ्य पद्धतीने काढायचा क्रम असा: एमडीएडीएमने (लिनक्सचं रेड सांभाळणाऱ्या आज्ञेने) आधी फेल, मग रिमूव्ह, मग सिसएफएसमधल्या त्या डिस्कच्या ‘डिलीट’ फाइलीत १. कर्नल कॅश रिकामी करून मोटर थांबवतो. ट्रे दोन-तीन सेंटीमीटर ओढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मगच बाहेर. फिरती तबकडी हातात तिरकी करणं हेच खरं नुकसान.

पण चाचणी म्हणायची तर असभ्य पद्धतही हवी, आणि ती खरा डेटा भरायच्या आधीच. रेड ६ वर (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणाऱ्या रचनेवर) एफआयओ (डिस्कवर लेखन-वाचनाचा भार टाकणारा प्रोग्रॅम) पडताळणीसह चालू ठेवून एक ट्रे न सांगता ओढला. लिंक रीसेट होते, मग कर्नल डिस्क सोडतो, एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत) चालू डिस्क दाखवणाऱ्या एका यूच्या जागी रेघ येते. तीच डिस्क परत घातली की एसडीसी नावाची एसडीई होऊ शकते, कारण जुनं नाव एमडीने (कर्नलमधल्या रेडच्या भागाने) धरून ठेवलेलं असतं. रिमूव्हला ‘डिटॅच्ड’ दिलं की ते सुटतं. म्हणूनच स्क्रिप्टमध्ये नेहमी बाय-आयडीची, म्हणजे डिस्कच्या मॉडेल आणि सिरियल क्रमांकावरून बनलेली न बदलणारी नावं. राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागात लेखन झालं त्याची नोंद) असेल तर री-अॅडनंतर फक्त बदललेला भाग भरला जातो.

प्रत्येक फेरीनंतर स्मार्टचा (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींतला) १९९ क्रमांक बघा, तो जोडणीवरच्या चुका मोजतो. तो वाढतोय आणि खराब सेक्टर मोजणारे ५, १९७ स्थिर आहेत, तर डिस्क बदलू नका. केबल किंवा बॅकप्लेन बदला. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात कनेक्टरवर लक्ष ठेवणं इथे तर जास्तच गरजेचं.

बाकी आहे बॅडब्लॉक्सची (डिस्कवरचे खराब भाग शोधणाऱ्या प्रोग्रॅमची) लेखन-चाचणी. चार नमुने, प्रत्येकी लेखन आणि वाचन, म्हणजे आठ फेऱ्या. ४ टीबीला सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद धरले तर साधारण ६० तास. ब्लॉक ४०९६ ठेवा. वीज गेली तर सगळं पहिल्यापासून, तेव्हा यूपीएसशिवाय ती सुरू करू नये.