अहवाल वाचणार कोण?

प्रकाश-अभियंत्यांच्या आमच्या व्यवसायसंस्थेची पुण्यातील शाखा दरवर्षी एक तांत्रिक अहवाल तयार करते आणि तो वार्षिक सभेपुढे वाचला जातो. प्रकाशयोजना करणारे सल्लागार, फिटिंग (दिव्याचा लेन्स-रिफ्लेक्टरसह पूर्ण संच) बनवणारे उत्पादक, ती खांबांवर चढवणारे ठेकेदार आणि माझ्यासारखे प्रयोगशाळेत फिटिंग तपासणारे अभियंते असे सगळेच या संस्थेचे सभासद असल्यामुळे अहवालातला प्रत्येक आकडा कोणाच्या ना कोणाच्या धंद्याला जाऊन लागतो. ज्या वर्षाबद्दल मी लिहीत आहे, त्या वर्षी विषय होता सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवलेल्या रस्त्यांचा, आणि शाखेच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक स्त्री निवडून आली होती.

त्याआधी संस्थेत स्त्रिया नव्हत्या असे नाही. कार्यक्रमाचे सूत्रसंचालन, समईपाशी पाहुण्यांच्या हाती पेटती मेणबत्ती देणे, स्वागत आणि आभार ही कामे वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच येत असत. तांत्रिक समितीत त्या असल्याच, तर मोजमापाच्या तक्त्यांपुरत्या. मोजमाप करणारे कनिष्ठ अभियंते, मग ते मुलगे असोत की मुली, रात्री रस्त्यावर काढत. सभेत मात्र अहवाल समितीतील ज्येष्ठ सदस्य वाचत आणि छापील प्रतीवर त्यांचेच नाव असे. ही रीत कोणी वाईट हेतूने पाडलेली नव्हती. ती सोयीची होती म्हणून चालत आली होती. तिचा तोटा मुलींना अधिक होई, कारण मुलगे पुढे साइटवर आणि ठेकेदारांच्या बैठकांत चारचौघांच्या नजरेत येत राहत, मुलींची ओळख त्या तक्त्यांपलीकडे जातच नसे.

रस्त्यावरील दिव्यांसाठी आपल्याकडे १९७० सालचे आयएस १९४४ हे मानक आहे. त्यानुसार शहरातल्या संमिश्र वाहतुकीच्या मुख्य रस्त्यावर, म्हणजे ‘ए-२’ गटात, सरासरी १५ लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश हवा आणि सर्वांत कमी प्रकाशाचे सरासरीशी असलेले गुणोत्तर ०.४ च्या खाली जाता कामा नये. हे मोजण्याची पद्धत कष्टाची आहे. दोन खांबांमधला रस्ता खडूने चौकटींत आखायचा, प्रत्येक चौकटीच्या मध्यावर लक्समीटरचा सेन्सर ठेवायचा, त्यावर आपली सावली पडणार नाही अशा बेताने वायर ताणून लांब उकिडवे बसायचे, येणाऱ्या गाडीचा झोत निघून जाऊ द्यायचा आणि मग आकडा मोठ्याने सांगायचा. आम्ही चौघे निवडलेल्या रस्त्यांवर हे काम रात्री उशिरा, वाहने कमी झाल्यावर करत होतो. दोन्ही बाजूंना जुनी, डेरेदार झाडे असलेल्या एका रस्त्याचे आकडे फारच चांगले आले. सरासरी पंधराच्या वर होती, समानताही, म्हणजे वर सांगितलेले गुणोत्तरही, नियमात होती.

त्या रस्त्यावर अध्यक्ष मॅडम स्वतः आल्या. त्यांची सारी कारकीर्द फिटिंगचे रिफ्लेक्टर आणि लेन्स यांच्या डिझाइनमध्ये गेली होती. त्यांनी तक्ता टॉर्चच्या उजेडात खालपर्यंत वाचला, समाधानाने मान हलवली आणि विचारले, “रस्ता म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजलात?” आम्ही म्हणालो, या दुभाजकापासून त्या कडेपर्यंत. “मग आता कडेच्या पलीकडे चला,” असे म्हणून त्या फूटपाथवर चढल्या.

झाडाखाली लक्समीटरचा आकडा एकाच्याही खाली गेला. कारण समजायला वेळ लागला नाही. जुन्या सोडियमच्या फिटिंगमधून बराच प्रकाश मागच्या बाजूला सांडत असे. तो वाया जातो अशी तक्रार आम्ही मंडळीच करत असू, पण त्याच सांडलेल्या प्रकाशावर फूटपाथ उजळत होता. एलईडीच्या प्रत्येक चिपवर स्वतंत्र लेन्स असते आणि ती प्रकाश नेमका गाड्यांच्या पट्ट्यावर नेऊन टाकते. शिवाय फिटिंग झाडाच्या डोक्याच्या वर असल्यामुळे उरलासुरला प्रकाशही पानांत अडकत होता. रस्त्याचे आकडे सुधारले आणि त्याच कारणाने चालणाऱ्याची वाट अंधारात गेली. मॅडमनी आमच्यातल्या एकाला झाडाखाली चार मीटरवर उभे केले. त्याचे तोंड आमच्याकडे आहे की पाठ, हे आम्हाला सांगता येईना. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा चार मीटरवरून ओळखू यायचा, तर दीड मीटर उंचीवर उभ्या अर्धदंडगोलाकार (उभ्या चिरलेल्या नळीसारख्या) पृष्ठभागावर निदान ०.८ लक्स प्रकाश लागतो, हे या शास्त्रात पूर्वीच ठरलेले आहे. तो मोजणारा खास सेन्सर आमच्याकडे नव्हता, म्हणून साधाच सेन्सर उभा धरून आम्ही पहाटेपर्यंत संपूर्ण फूटपाथ मोजला.

ही नजर मॅडमना स्त्री असल्यामुळे लाभली, असे नंतर अनेकांनी कौतुकाने सांगितले. मला ते पटत नाही. फूटपाथवरचा अंधार बायकांना अधिक जाचतो हे खरे आहे, पण लेन्समधून प्रकाश कुठे जातो आणि कुठे जात नाही हे त्यांना ठाऊक होते, ते अनेक वर्षांच्या कामामुळे. स्त्रीच्या नेतृत्वाचे श्रेय तिच्या स्त्रीस्वभावाला देऊन तिचे ज्ञान बाजूला सारण्याची ही सवय मला फार खटकते.

वार्षिक सभेच्या दिवशी सभागृह भरलेले होते. अहवालाचा विषय पुकारण्यापूर्वी मॅडमनी एक सूचना केली, जी त्या सभेत कोणी कधी ऐकलेली नव्हती. या अहवालातील रस्त्यांवर ज्यांच्या कंपनीची फिटिंग आहेत किंवा ज्यांनी तिथे काम घेतले आहे, त्यांनी तसे आधी सांगावे. चर्चेत त्यांनी जरूर बोलावे, मात्र ठरावावर मत देऊ नये. थोडी कुजबुज झाली. मग एकेक जण उभा राहून सांगू लागला, आणि कार्यवाहांनी ती नावे इतिवृत्तात लिहून घेतली.

त्यानंतर त्यांनी अहवाल वाचण्यासाठी माझे नाव पुकारले. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी मला मोजमाप शिकवले आणि ज्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे, अर्धवट उठत म्हणाले, “मॅडम, मीच वाचतो ना. प्रश्न तांत्रिक येतील, ती अजून लहान आहे.” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, प्रश्न मोजणीवर येणार आहेत. मोजणीच्या रात्री तुम्ही तिथे नव्हतात, त्या होत्या. त्यांना काही अडलं, तर तुम्ही आणि मी आहोतच.” सर बसले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माइक माझ्याकडे सरकवला.

स्त्रीचे काम सभेपुढे कोणी वाचायचे, या प्रश्नाला आमच्या व्यवसायात जुना इतिहास आहे. रस्ते आर्क दिव्यांनी, म्हणजे दोन कार्बनकांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीने, उजळत असत त्या काळात ते दिवे सूं सूं आवाज करत आणि लुकलुकत. हवेतला ऑक्सिजन धन कार्बनकांडीच्या टोकावरील खळग्यापर्यंत पोचल्यामुळे हे होते, हे ब्रिटिश अभियंता हर्था एअर्टन यांनी शोधून काढले. १८९९ मध्ये त्यांनी लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला निबंध स्वतः वाचला आणि त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेत मात्र १९०१ साली त्यांचा निबंध अभियंता जॉन पेरी यांनी वाचला, आणि १९०२ मध्ये त्यांचे नाव सुचवले गेले तेव्हा विवाहित स्त्री कायद्याने सभासद होऊ शकत नाही असे उत्तर मिळाले. तिथे स्वतःचा निबंध स्वतः वाचण्याची संधी त्यांना १९०४ मध्ये मिळाली. शतकानंतरही प्रश्न पुरता सुटलेला नाही. शॅरन स्टॅमर्स आणि मार्टिन लप्टन या प्रकाशयोजनाकारांनी २०१९ मध्ये ‘विमेन इन लायटिंग’ हा प्रकल्प सुरू केला, तोही प्रकाशक्षेत्रात इतक्या स्त्रिया काम करत असताना परिषदांच्या व्यासपीठांवर आणि परीक्षक मंडळांत त्या फारशा दिसत नाहीत म्हणूनच.

मी अहवाल वाचला. पहिला आक्षेप अपेक्षितच होता. एक ठेकेदार म्हणाले की फूटपाथ त्यांच्या टेंडरमध्ये नव्हताच, रस्त्याचे पंधरा लक्स त्यांनी दिले आहेत, मग अहवालात दोष कसला? मी सांगितले की अहवालात त्यांच्या कामाला दोष दिलेला नाही. रस्त्याचे आकडे आम्ही पहिल्याच पानावर छापले आहेत. दुसरा आक्षेप अधिक जड होता. झाडांची छाटणी केली की प्रश्न मिटेल, असे एका सल्लागारांचे म्हणणे होते. त्यावर मी झाडापासून दूर असलेल्या खांबांखालचे आकडे वाचून दाखवले. तिथे पानांचा अडथळा नव्हता, तरी फूटपाथवरचा प्रकाश कमीच होता, म्हणजे छाटणीने प्रश्नाचा एक भागच सुटला असता. मॅडम या सबंध वेळात एकदाही माझ्यावतीने बोलल्या नाहीत. एकाने उत्तर माझ्याकडून ऐकून पुन्हा तोच प्रश्न त्यांच्याकडे पाहून विचारला, तेव्हा त्यांनी फक्त हाताने माझ्याकडे निर्देश केला.

चर्चा लांबली, चहा थंड झाला, आणि शेवटी ठराव मताला आला. ज्यांनी आपले हितसंबंध जाहीर केले होते ते मतदानाला बसले नाहीत. ठराव बहुमताने मंजूर झाला. त्यानुसार शाखेच्या मोजणीच्या नमुन्यात फूटपाथसाठी दोन रकाने वाढले, एक जमिनीवरील प्रकाशाचा आणि दुसरा दीड मीटर उंचीवर उभ्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा. महापालिकेला पाठवलेल्या पत्रात, दिव्यांच्या यापुढच्या निविदांमध्ये फूटपाथचा प्रकाश वेगळा मागावा अशी शिफारस गेली. छापील अहवालावर मोजणी करणाऱ्या आम्हा चौघांची नावे प्रथमच आली, आणि त्यांखाली मार्गदर्शक म्हणून सरांचे नाव होते.

पुढच्या कार्यकारिणीत तांत्रिक समितीचे निमंत्रकपद माझ्याकडे आले. त्याच खांबावर, पानांच्या खाली साडेचार मीटरवर, फूटपाथकडे तोंड केलेले दुसरे लहान फिटिंग लावावे की फूटपाथसाठी वेगळे खांब उभारावेत, यावर समितीत अजून एकमत झालेले नाही. पहिल्या उपायाला खर्च कमी आहे. तरी माझा कल दुसऱ्याकडे आहे.