फ्रॉकवरचं ड्रॉइंग

डेट्रॉइटमध्ये मोटारधंद्याच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करते म्हटलं, की लोकांना वाटतं मी दिवसभर चकचकीत कॅडिलॅकचे फोटो बघत बसते. प्रत्यक्षात निम्मा दिवस जुन्या गाड्या नव्यासारख्या करणाऱ्या हौशी मंडळींना उत्तरं देण्यात जातो. ‘माझ्या १९५३च्या पॅकार्डचा मूळ हिरवा रंग नेमका कोणता?’ उरलेला निम्मा दिवस नाकाचं काम. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला की समजायचं, आतली ॲसिटेट फिल्म सडायला लागली. तो डबा आधी बाकीच्यांपासून लांब.

मागच्या ऑक्टोबरात एक आजीबाई आल्या, हॅमट्रॅमिकहून. डेट्रॉइटच्या पोटात असलेलं हे वेगळं गाव. पोलंडहून आलेल्या कामगारांनी वसवल्यासारखंच, आणि १९८०मध्ये बंद पडेपर्यंत डॉजचा अवाढव्य कारखाना इथेच होता. पिशवी घेऊन येणारे आमच्याकडे पुष्कळ. पिशवीतून बहुतेक वेळा आमच्याकडे आधीच पाच-सहा प्रती असलेलं माहितीपत्रक निघतं. यांच्या पिशवीतून तान्ह्या बाळाचा फ्रॉक निघाला.

“कपडे आम्ही घेत नाही हो,” मी म्हणाले. जरा घाईनंच.

“कापड बघा आधी,” त्या म्हणाल्या.

ट्रेसिंग क्लॉथ! पूर्वी ड्रॉइंग ऑफिसात कागदाऐवजी हे वापरायचे. तलम सुती किंवा लिननचं कापड, भरपूर खळ देऊन आणि दाबून इतकं गुळगुळीत केलेलं की खाली ठेवलेल्या कागदावरची पेन्सिलची रेघ वरून दिसावी. त्यावर काळ्या शाईनं ड्रॉइंग उतरवायचं. मग ते लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून उजेड द्यायचा आणि कागद पाण्यात धुवायचा. शाईनं उजेड अडवला तिथे पांढरी रेघ, बाकी सगळं निळं. हीच ती ब्ल्यूप्रिंट. कारखान्यात तेलकट हातांत फिरायची ती प्रत. मूळ कापड कपाटात जपलेलं.

या कापडाचा वैरी म्हणजे पाणी. घामाचा थेंब पडला तरी तेवढी खळ निघते आणि डाग उठतो. पण तेच अख्खं गरम पाण्यात भिजवून धुतलं तर खळ जाऊन मऊसूत कापड हाती राहतं. लोक त्याचे रुमाल शिवायचे, लहान मुलांचे कपडेही शिवायचे. हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

आजीबाईंची आई युद्धाच्या काळात सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ट्रेसर, म्हणजे कापडावर शाईनं ड्रॉइंग उतरवणारी, होती. फेब्रुवारी १९४२मध्ये अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकासाठी मोटारी बनवणं थांबलं आणि कारखाने रणगाड्यांकडे, विमानांकडे वळले. इथून तासाभराच्या आतच विलो रन आहे. तिथे तर पुढे फोर्डचं बॉम्बर विमान तासाला एक या वेगानं निघायला लागलं. अशा वेळी मोटारींच्या भागांची जुनी ड्रॉइंगं त्या छोट्या कारखान्याला नुसती अडगळ. कपाट रिकामं करताना मालक म्हणाला, हवं ते न्या. १९४४मध्ये मुलगी झाली, तिला फ्रॉक झाला.

लाइट टेबलवर फ्रॉक अंथरला तेव्हा आम्ही दोघीही वाकून बघत होतो. पोटावर एकात एक चार वर्तुळं. मधून आरपार गेलेली सेंटर लाइन, बाहीपाशी तुटलेली. गळ्याजवळ फिकट ‘एफ.ए.ओ.’, म्हणजे सगळीकडून फिनिशिंग करा! अक्षरं मात्र आरशातल्यासारखी उलटी, कारण शाईची बाजू आत घेऊन शिवलेलं. फोटो काढून फोनवर उलटा केला आणि खालच्या घेराशी आलेली, ड्रॉइंग कुणी केलं ते लिहायची चौकट वाचली. ‘ट्रेस्ड बाय’पुढे दोन आद्याक्षरं.

आजीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ही माझ्या आईची नाहीत.”

मला काय बोलावं सुचेना.

“शेजारच्या टेबलावरची असेल कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “आई स्वतःचं काम कशाला फाडेल?”

मग आमचं सरकारी थाटाचं दुखणं सुरू झालं. नोंदीच्या फॉर्मला एकच प्रकार लागतो, तांत्रिक रेखाचित्र की वस्त्र. ड्रॉइंग सपाट ड्रॉवरमध्ये जातं, कपडा टिशूच्या घड्या घालून पेटीत. सहकारी म्हणाला, वस्तुसंग्रहालयाला देऊन टाक. मी अडून बसले. इंजिनिअरांची नावं इथे सगळीकडे सापडतात. ट्रेसर बायकांची उरलीत ती अशी, दोन-दोन अक्षरांत. शेवटी नोंद केली रेखाचित्र म्हणून आणि ठेवला पेटीत.

रात्री नऊला पुण्यात बाबांना फोटो पाठवला. तिकडे सकाळचे साडेसहा. बाबांनी पिंपरीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली, ब्लेडनं शाई खरवडत. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत साहेबांकडे ट्रेसिंग क्लॉथचे रुमाल असायचे म्हणे. पाच मिनिटांत फोन आला.

“अगं, फ्लँज आहे हा. रेघ काय सुंदर आहे! पण बाहेरचा व्यास कुठाय? डायमेन्शन सोडलीय बघ.”

“शिवणीत गेली असेल, बाबा.”

“मग उसव की जरा.”

“उसवायचं नसतं आमच्यात.”

पलीकडे कपबशीचा आवाज आला.

“आणि ‘चेक्ड बाय’पुढे कोण आहे?”

“तो भाग कापलाय.”

“मग पास नाही करता येणार,” बाबा म्हणाले.