मराठीच्या वहीतून फ्रेंच

फ्रान्समध्ये तुलूझला आले तेव्हा पुण्याहून फ्रेंचची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास होऊन आले होते. बाजारात, डॉक्टरकडे, मुलाच्या शाळेत माझं अडत नव्हतं. पण कादंबरी वाचता येत नव्हती, आणि मी फ्रेंच शिकायला घेतली होती ती कादंबऱ्यांसाठीच.

स्टेशनजवळच्या जोझे काबानिस वाचनालयातून पहिल्याच आठवड्यात ‘मादाम बोव्हारी’ आणली. फ्लोबेरची १८५७ ची कादंबरी. सुरुवात सोपी आहे: मुलं अभ्यासाला बसलीत, मुख्याध्यापक आत येतात, मागोमाग एक नवा मुलगा. थोडं पुढे गेलं की त्या मुलाची टोपी येते. फ्लोबेर त्या एका टोपीत पाच टोप्या दाखवतो: सैनिकांची केसाळ, पोलिश भालदारांची, गोल हॅट, पाणमांजराच्या कातड्याची आणि रात्री झोपताना घालायची सुती. मी एकेक शब्द कोशात शोधत बसले. दोन आठवड्यांनी चौथ्या पानावर होते आणि पहिलं विसरले होते. ती टोपी फ्रेंच वाचकालाही विचित्रच वाटावी म्हणून तशी लिहिली आहे, हे फार उशिरा कळलं. तिथे नुसतं ‘काहीतरी भलतीच टोपी’ एवढं समजून पुढे जायला हवं होतं.

दुसरी अडचण क्रियापदांची. ‘फ्यु’, ‘फी’, ‘व्ही’ हे शब्द कोशात मिळेनात, कारण ते ‘असणे’, ‘करणे’, ‘पाहणे’ यांचे फक्त लिखाणात येणारे भूतकाळ आहेत. त्यातला ‘व्ही’ तर ‘जगतो’ असाही वाचता येतो. एक माणूस खिडकीतून बाहेर ‘जगतो’ असं मी बराच वेळ समजत होते.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना पुस्तक दाखवलं तर म्हणाल्या, “हे ठेवून द्या, काम्यूपासून सुरुवात करा.” त्याची कादंबरी ‘लेत्रांजे’ (१९४२) जवळजवळ सगळी बोलण्यातल्या भूतकाळात लिहिली आहे, जो वर्गात शिकलेला असतो. ती मी तीन आठवड्यांत वाचली. पण माझ्या शिकण्याला खरं वळण मिळालं ते तिच्या पहिल्या चार ओळींत. निवेदक म्हणतो ‘मामाँ ए मोर्त’, आणि लगेच वृद्धाश्रमाची तार येते: ‘मेर देसेदे’. माझ्या वहीतल्या इंग्रजी रकान्यात दोन्हींसमोर जवळपास तेच शब्द पडले. मग मनात मराठी ऐकू आली: ‘आई गेली’ आणि ‘मातोश्रींचे निधन’. मुलाचा आवाज आणि कार्यालयाचा आवाज, अगदी वेगवेगळे. त्या रात्री इंग्रजी रकाना बंद केला आणि नवी वही घातली, फ्रेंच आणि मराठी अशी.

त्या वहीत पहिली पुरी उतरली ती मोपासाँची ‘ला पार्युर’, म्हणजे हिऱ्यांच्या हाराची गोष्ट, १८८४ ची. सुरुवातीलाच नायिकेकडे ‘दॉत’ नाही असं येतं. दॉत म्हणजे हुंडा. या एका शब्दाने तिला आयुष्यात काय काय मिळणार नाही ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढे दीड-दोन पानं सगळं त्या सवयीच्या भूतकाळात चालतं, ज्याने मला वर्गात रडवलं होतं. मराठीत मांडलं आणि गाठ सुटली: ती झुरे, ती स्वप्नं पाही, ती दिवसदिवस रडे. आपणही हे बोलत नाही, ‘रडायची’ म्हणतो. ‘रडे’ पुस्तकातच राहतं. मग एक वाक्य येतं: “ऑर, अँ स्वार, साँ मारी रांत्रा.” ‘तर, एके संध्याकाळी नवरा घरी आला.’ तो ‘ऑर’ म्हणजे आपला गोष्टीतला ‘तर’! आणि ‘रांत्रा’ म्हणजे एकदाच घडलेलं. इथे गोष्ट चालू लागते, आणि ते क्रियापदातूनच कळतं.

शेवटाकडे, दहा वर्षांच्या कष्टांनी म्हातारी दिसू लागलेली नायिका मातिल्द एका रविवारी पॅरिसच्या शाँझेलिझेवर जुन्या मैत्रिणीला हाक मारते, नुसत्या नावाने. मैत्रीण अजून तरुण, सुंदर. ती ओळखत नाही, ‘मादाम, तुमची काहीतरी चूक होतेय’ म्हणते. मातिल्द नाव सांगते, आणि पुढच्याच वाक्यात मैत्रीण म्हणते, ‘किती बदललीस तू!’ ‘वु’ (तुम्ही) वरून ‘त्यु’ (तू) वर. इंग्रजीत ही पायरी दिसतच नाही, मराठीत आपोआप पडते. मी ते पान मोठ्याने वाचलं आणि माझा गळा दाटून आला.

बाकी पद्धत साधी होती. पहिल्यांदा कोशाशिवाय वाचायचं, पेन्सिलीने खुणा. दुसऱ्यांदा तीनदा आलेलेच शब्द शोधायचे. लेखी भूतकाळाच्या वीसेक अनियमित क्रियापदांची तृतीयपुरुषी रूपं एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवली. गोष्टींना बहुतेक तेवढीच लागतात. आणि तिसऱ्यांदा ऐकायचं. हे टाळू नका, कारण छापलेलं ‘ज न से पा’ इथे रस्त्यावर ‘शेपा’ होतं, आणि नुसत्या वाचनाने ते कधीच ओळखू येणार नाही.

‘मादाम बोव्हारी’ पुन्हा आणली आहे, शंभर पानं झाली. टोपी मी दोन मिनिटांत ओलांडली.

मागच्या महिन्यात वरच्या बाईंकडे पुस्तक परत करायला गेले होते. कॉफी ओतता ओतता त्या म्हणाल्या, “आता आपण त्यु म्हणू या ना?” त्या सत्तरीच्या पुढच्या. जीभ उचलेना. मग आठवलं, माझ्या आजीला मी जन्मभर ‘तू’च म्हणत आले. म्हटलं, “तुला साखर किती घालू?”