सह्या कोणाच्या?

नाशिकच्या मेहेर सिग्नलजवळ बसून २२ वर्षं मी दस्त लिहितोय. कागद कसलाही असो, हात आधी शेवटच्या पानावर जातो. सह्या कोणाच्या?

मुलगी स्पर्धा परीक्षा देतेय. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तिची इतिहासाची वही चाळत बसलो. अमेरिकेतल्या चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचा भाग होता. १८३५ चा न्यू एकोटाचा तह : मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची त्यांची सगळी जमीन अमेरिकी सरकारला, मोबदला ५० लाख डॉलर. सह्या मेजर रिज, एलियास बुडिनो अशा मूठभरांच्या. प्रमुख जॉन रॉस, त्याची सहीच नाही! म्हणजे चार भावांच्या सामाईक जमिनीचं एकट्या धाकट्याने करून दिलेलं खरेदीखत.

बरं, चेरोकींना अडाणी म्हणावं तर त्यांच्यातल्याच सेक्वोयाने घडवलेली स्वतःची लिपी, १८२७ ची राज्यघटना, १८२८ पासून छापील वर्तमानपत्र. पण जमिनीत सोनं निघालं. जॉर्जिया राज्याने तिचे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे तुकडे पाडले आणि चक्क लॉटरीत वाटले. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेरोकींच्या बाजूने लागला, तो फायलीतच राहिला. रॉस वॉशिंग्टनहून घरी परतला, तर लॉटरीत ते घर लागलेला माणूस तिथे बिऱ्हाड थाटून बसलेला. हे वाचून चहा गार झाला माझा.

हरकत घेतली नव्हती म्हणाल, तर १५ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज होता. सिनेटमध्ये एक मत कमी पडतं तरी तह बारगळला असता. १८३८ ला सैन्याने माणसं घरांतून ओढून छावण्यांत कोंडली आणि पश्चिमेला हाकलली. सोळाएक हजारांतली चारेक हजार मेली.

वही मिटतोय तोच दिंडोरीकडची एक आजी आली, हातात फेरफाराची नोटीस. सातबाऱ्यावर हिचं नाव आहे, भावांनी केलेल्या खरेदीखतावर हिचा अंगठा नाही. हरकतीचा अर्ज लिहिला. द्राक्षाच्या छाटणीत बोटाच्या रेषा झिजलेल्या, ठसा तिसऱ्या खेपेला उमटला.

"आजी, पोच घेतल्याबिगर तिथून हलायचं नाही."

"पोच भेटली म्हंजी झालं ना रे काम?"

मी दुसऱ्या प्रतीवर तिचं नाव लिहीत होतो.