लँडलॉर्डने लीड पेंटच्या ऑर्डरलाच चॅलेंज केलं

आम्ही क्वीन्समध्ये भाड्याने राहतो, बिल्डिंग 1960 च्या आधीची. न्यूयॉर्कमध्ये मूल एक वर्षाचं आणि मग दोन वर्षांचं झालं की रक्तातलं शिसं तपासावंच लागतं, त्यात लेकीचा आकडा जास्त आला आणि सिटीच्या हेल्थ खात्याची बाई घरी तपासायला आली. तिने आधी स्वयंपाकघर धरलं, आईने पाठवलेली हळद, कुंकू, काजळाची डबी, सगळ्याचं सँपल घेतलं. (हळदीला रंग यावा म्हणून कुठे कुठे लेड क्रोमेट घालतात, म्हणजे शिसंच, हे मला तिच्याकडून कळलं!) मग रंगातलं शिसं मोजणारं ते पिस्तुलासारखं एक्सआरएफ मशीन भिंतींना, दारांना टेकवत फिरली. भिंती ठीक निघाल्या, पण खिडकीच्या चौकटीचं रीडिंग लिमिटच्या वर. खिडकी वरखाली केली की तिथला रंग घासून पावडर पडते आणि आमची लेक नेमकी तिथेच कबुतरं बघत उभी, हात तोंडात.

लँडलॉर्डला रंग काढायची ऑर्डर गेली तर त्याने त्यालाच चॅलेंज केलं. त्याचा माणूस येऊन चौकटीचा टवका काढून लॅबला घेऊन गेला, रिपोर्ट काय तर लिमिटच्या आत, वर सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस, आम्हालाच म्हणतो तुमचे मसाले बघा. हळदीत काहीही निघालं नव्हतं.

त्या रात्री मी वाचत बसले आणि झोपच उडाली. 2018 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं की सरकारी घरं सांभाळणाऱ्या नायचाने 2010 पासून आलेल्या अशा ऑर्डर्सपैकी 95 टक्के चॅलेंज केल्या आणि खात्याने त्यातल्या बऱ्याचशा मागेही घेतल्या. खाजगी लँडलॉर्ड मात्र जेमतेम 4 टक्के वेळा भांडले होते. म्हणजे आमचाच नग असा निघाला.

खरी मेख टवक्यात असते. मशीन खालचे जुने थरही पकडतं, टवका मात्र पार लाकडापर्यंत निघायला हवा, नाहीतर शिशाचा थर चौकटीवरच राहतो आणि लॅबला जातो वरचा नवा रंग. नवऱ्याने नशिबाने त्या जागेचा फोटो काढून ठेवलेला, त्यात खरवडलेल्या खड्ड्यात जुना हिरवट रंग सरळ दिसत होता. तो फोटो आम्ही खात्याला पाठवला, पुन्हा तपासणी झाली आणि ऑर्डर कायम राहिली. आता तर लिमिटही कडक आहे, डिसेंबर 2021 पासून 1 वरून 0.5 मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर.

काम चालू असताना आम्ही न्यू जर्सीत एडिसनला मावशीकडे राहिलो. प्लास्टिक लावून, पाणी मारून रंग काढला, मग धुळीची वाइप टेस्ट, ती पास झाल्याशिवाय परत आलो नाही.

तुमच्याकडे असं झालं तर खोलीवार रीडिंगची कॉपी मागून घ्या आणि लँडलॉर्डचा माणूस येईल तेव्हा कोणीतरी घरी थांबाच, काय आणि कुठून खरवडतोय त्याचे फोटो काढा. लेकीचा आकडा उतरतोय, हळू, पण उतरतोय.