आईची वारी चांदोबाच्या लिंबापर्यंत

आमचं घर लोणंदचं, त्यामुळे माऊलींची पालखी लहानपणापासून गावातच बघितली, पण पंढरपूरपर्यंत चालत घरातलं कुणी गेलं नाही. आई तर नाहीच. तिची वारी म्हणजे मुक्कामाला उतरलेल्या दिंडीतल्या बायांचं बघायचं आणि पालखी हलली की तरडगावच्या वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबापर्यंत जायचं, उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्वांची दौड, बघायचं, अश्व दौडून गेले की टापेखालची माती कपाळाला लावायची, चिमूटभर पदराच्या गाठीला बांधायची आणि माघारी. पुढचं तरडगाव, फलटण तिनं चालत कधी बघितलं नाही. सासूबाईंचं दुखणं, पेरणी, आमच्या शाळा. "घरचे उपाशी ठेवून विठोबाला काय तोंड दाखवू" म्हणायची, आणि ते तिला मनापासून वाटायचं.

आई गेली आणि पुढच्या ज्येष्ठात मी आमच्या दारात उतरणाऱ्या त्याच दिंडीत भिशी, म्हणजे जेवणमुक्कामाची वर्गणी, भरून आळंदीहून निघाले.

दिवे घाटाबद्दल सगळेच लिहितात, खरंच तिथं टाळमृदंगच पाय उचलतो. पण माझं लक्ष सासवड, जेजुरी, वाल्हे सगळीकडे एकाच गोष्टीकडे, बायका आंघोळ कुठं करतात, कपडे कुठं बदलतात. पहाटे अंधारात टँकरखाली साडीचा आडोसा धरून एकमेकींना उभं राहायचं, ओली लुगडी तशीच राहुटीच्या दोरीवर. तेव्हा कळलं आई काय करत होती. मध्यरात्रीच उठून बंब पेटवायची, बादल्यांची रांग लावायची आणि दारात उभी राहून म्हणायची, आधी बाया, बाप्ये विहिरीवर जातील. कुणाची पाळी आली असेल तर बाजूला घेऊन धुतलेलं कापड द्यायची, वर "चाल तू, माऊलीला चालतंय" म्हणायची. साठ सत्तर भाकरी आणि पिठलं तर सगळ्यांना दिसायचं, हे कुणाला दिसायचं नाही.

नीरा स्नान झालं, पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात आलो आणि लोणंदला मी माझ्याच घरी वारकरी म्हणून शिरले. परभणीकडच्या एक म्हाताऱ्या मावशी, डोक्यावर तुळस, आत येऊन थेट न्हाणीघराकडे वळल्या आणि विचारलं, "बाई कुठंय?" त्यांना आईचं नावसुद्धा माहीत नव्हतं. सांगितल्यावर तुळस खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडल्या, मग माझ्याच तोंडावरनं हात फिरवत म्हणाल्या, तिच्या हातचं ऊन पाणी पायावर पडलं की पंढरपूर जवळ वाटायचं बघ.

लिंबापाशी रिंगण झालं, मी माती लावली. इथून आई वळायची. मावशींनी मनगट धरलं ते सोडलंच नाही, वेळापूरच्या उताराला धावा, म्हणजे पंढरपूरच्या ओढीनं सगळ्यांनी पळत सुटायचं, सुरू झाला तेव्हाही आम्ही हात धरूनच पळत होतो, ह्या वयात त्या मला ओढत होत्या! पंढरपुरात दर्शनाची रांग खूप लांब, म्हणून चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा आणि कळसाचं दर्शन घेतलं. पदराला चांदोबाच्या लिंबाची माती होती ती वाळवंटात सोडली, आईच्या नावानं.

तिथूनच वहिनीला फोन केला. घरात गीझर बसवायचा आणि बंब मोडीत द्यायचा असं ठरत होतं. म्हटलं गीझर बसवा, पण बंब ठेवा, पुढच्या वर्षी पालखीच्या रात्री पेटवायला मी येते.